नरहरीने गाळा थंड केला

वालीवच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये नरहरी चुरीचा गाळा कुठे, असं विचारलं तर कुणी नंबर सांगत नाही. “ज्याच्या दाराशी केळ आहे तो,” असं सांगतात. चहूकडे पत्र्याच्या शेडी, तेलाचे डबे, टेम्पोंची ये-जा, आणि त्या सगळ्यात एका शटरला लागून फुटक्या ड्रममध्ये लावलेली केळ. वाडीतला माणूस कारखान्यात गेला तरी हात मातीत घातल्याशिवाय त्याला चैन पडत नाही, त्याला कोण काय करणार.

नरहरी राजोडीकडचा. आजा पानवेलीवाला, बाप पानवेलीवाला. पानवेल म्हणजे लाडावलेली सून. तिला ऊन चालत नाही, गरम वारा चालत नाही, पाणी कमी चालत नाही आणि जास्तही चालत नाही. बापाने चाळीस वर्षं तिचे नखरे सांभाळले. नरहरीच्या वाट्याला वाडी आली तोवर विहिरीचं पाणी मचूळ झालं होतं. वेली बसल्या, आणि उरल्या त्या केळी आणि चार नारळ. मग नरहरीने काय करावं, तर वयाच्या पस्तिशीत वालीवला पत्र्याचा गाळा घेतला आणि पाण्याच्या पंपांचे बुश आणि शाफ्ट बनवायचं काम काढलं. भाऊबंद म्हणाले, पानं खुडणारी बोटं ही, लोखंडाला काय हात लावणार. नरहरी म्हणाला, “मी कुठे लावतोय? फर्डिनंड लावेल.”

हा फर्डिनंड निर्मळचा. मुंबईला एका मोठ्या कारखान्यात लेथवर टर्नर होता. तो कारखाना बंद पडला तेव्हा घरी बसून गावातले नळ दुरुस्त करत हिंडायचा, कुणी बोलावलेलं नसताना. नरहरीच्या वाडीतला पंप त्याने असाच न विचारता उघडला, आणि तिथे दोघांची जी गाठ पडली ती अठ्ठावीस वर्षं सुटली नाही. अंगाने काडी, चष्म्याला दोरी, आणि कान असा की विचारू नका. लेथवर लोखंड फिरायला लागलं की आवाजावरून सांगायचा, अजून केसभर जास्त आहे. मग मायक्रोमीटर लावायचा, आणि केसभरच जास्त निघायचं.

दोघांचं पटायचं का, तर अजिबात नाही. रोज दुपारी डबे उघडले की भांडण. फर्डिनंडच्या डब्यात बोंबील नाहीतर मांदेली, नरहरीचा सोमवार, गुरुवार, एकादशी, चतुर्थी.

“तुझ्या देवांना माझ्या डब्याचा वार बरोबर कळतो,” फर्डिनंड म्हणायचा.

“तू चांगलं कालवण मुद्दाम सोमवारी आणतोस.”

“मग? मला एकट्याला मिळतं.”

ड्रिल मशीनवर कामणची सुहासिनी होती. तिचा नवरा भातशेती करायचा आणि ही रोज बसने वालीवला यायची. ती जेवताना दोघांच्या मध्ये बसायची, म्हणजे कालवण आणि भाजी दोन्ही तिच्या पानात पडायचं. गाळ्यात सगळी मिळून माणसं एवढीच.

पत्र्याच्या गाळ्याचा उन्हाळा ज्याने काढला त्यालाच माहीत. सकाळी दहाला पत्रा तापायला लागतो आणि टणटण वाजतो, कुणी वरून खडे टाकतंय असं वाटावं. बारापर्यंत तो आवाज बंद होतो, कारण तापायचं बाकी काही राहिलेलं नसतं. मग गरमी खाली उतरते. तेल पातळ होतं, हातातली पट्टी चटका देते, पंखा फिरतो तो गरम हवाच तोंडावर फेकतो. सुहासिनी म्हणायची, “शेठ, हितं पानी प्यालं की पोटात जाई नाय, सरळ घाम होऊन भायेर येते.”

गेल्या मे महिन्यात अशाच एका दुपारी फर्डिनंड लेथसमोर उभा होता, आणि उभ्याउभ्या त्याची मान खाली गेली. बाही लोखंड धरून फिरणाऱ्या चकापासून चार बोटांवर. नरहरी तेव्हा समोर बसून पोस्टाची पाकिटं चिकटवत होता. त्याने पाकिटं फेकली, धावत जाऊन मशीनचा खटका पाडला आणि फर्डिनंडला मागून मिठी मारून धरलं. मिठी अठ्ठावीस वर्षांत पहिलीच. दवाखान्यात सलाईन लागलं. शुद्धीवर आल्यावर फर्डिनंडने पहिला प्रश्न विचारला, “जॉब खराब झाला का?”

तो उन्हाळा तसाच गेला. पण फर्डिनंडची लेक मीरा काही विसरली नाही. मीरा नर्स आहे. आई गेल्यापासून बापाला तीच सांभाळते, आणि सांभाळते म्हणजे दामटून सांभाळते. यंदा होळी झाली आणि एका रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपून ती थेट नरहरीच्या घरी आली.

चंद्रकांता, म्हणजे नरहरीची बायको, पाणी घेऊन आली तर मीराने पेला हातातच धरून ठेवला.

“काका, पप्पा या उन्हाळ्यात गाळ्यात येणार नाहीत.”

“मे महिना विश्रांती घेऊ दे की,” नरहरी म्हणाला. “जूनपासून येईल.”

“मे महिना घरी बसले की जूनला येणार नाहीत. बासष्टीचा माणूस एकदा घरी बसला की बसला. मला तेही नको आहे. माझ्या हॉस्पिटलात असे बसलेले लोक मी रोज बघते. पण गाळ्यात त्यांना परत चक्कर आली आणि हात मशीनमध्ये गेला तर?”

 नरहरी खिडकीतून वाडीकडे बघत राहिला. फर्डिनंडची जागा रिकामी असलेला गाळा त्याने मनात आणून बघितला. दोन वाजलेत, डबा उघडलाय, सोमवार आहे आणि कुणी टोमणा मारत नाही. त्याला ते बघवेना.

“मी गाळा थंड करतो,” तो म्हणाला.

“पत्र्याचा गाळा?”

“पत्र्याचाच. तू येऊन बघ. नाही थंड झाला तर मी स्वतः फर्डीला घरी सोडून येतो.”

मीराने पाणी पिऊन टाकलं. “ईस्टरनंतरच्या दुसऱ्या शनिवारी येईन. दुपारी तीनला. माझं थर्मामीटर घेऊन. बाहेर सावलीत जेवढं असेल त्याच्यावर दोन डिग्री मी चालवून घेईन, त्याच्या वर नाही.”

दुसऱ्याच दिवशी नरहरीने पियुषला बोलावलं. पियुष नालासोपाऱ्याला फ्लॅटमध्ये राहणारा, शेडींची कामं करणारा मुलगा, कमरेला टेप आणि कानाला फोन. त्याने वर बघितलं, पत्र्याला हात लावून झटकन मागे घेतला आणि म्हणाला, “अंकल, सिंपल आहे. पत्र्याच्या खाली चांदीसारखी फॉइलची शीट, मध्ये हाताएवढी हवा सोडून. वरून पांढरा रंग, म्हणजे अर्धं ऊन तिथूनच परत. आणि वर चार टर्बो.”

“टर्बो काय?”

“ते स्टीलचे भोपळे असतात ना, छपरावर गोल गोल फिरणारे. वाऱ्यावर फिरतात, लाइट लागत नाही. आतली गरम हवा ओढून बाहेर टाकतात. खाली भिंतीला जाळ्या ठेवायच्या, तिथून नवीन हवा येते.”

“म्हणजे छपराला चार भोकं आणि भिंतीला आणखी भोकं.”

“हो.”

नरहरी हसला. त्याचं ते हसू ज्यांना माहीत आहे ते तिथून उठून जातात. “पोरा, माझ्या बापाने या वसईच्या उन्हात पानवेल हिरवी ठेवली. चारी बाजूंनी वाळलेल्या केळपानांचे तट्टे बांधायचे, गरम वाऱ्याला आत पाऊल टाकू द्यायचं नाही, आणि तीन वेळा पाणी शिंपडायचं. भर वैशाखात वाडीत शिरलं की गार. त्याने कुठे भोकं पाडली नव्हती. तू मला फॉइल लाव आणि रंग मार. भोकांचं मी बघतो.”

“अंकल, पण वेलीला मशीन नसते.”

“आणि तुला वेल नसते,” नरहरी म्हणाला. झालं, पियुषने टेप परत कमरेला अडकवली. वडीलधाऱ्या माणसाला आणि गिऱ्हाइकाला एकदम कसं बोलणार.

फॉइल लागली, छप्पर पांढरं झालं. तेवढं झाल्यावरच फरक पडला होता, पण नरहरीच्या अंगात बाप संचारला होता. भिंत आणि पत्रा यांच्यामधली जी फट वर्षानुवर्षं उघडी होती तिच्यात त्याने पेंढा ठोसला. पेंढा सुहासिनीच्याच घरचा. वरची दोन गवाक्षं फळ्या ठोकून बंद केली. शटर अर्ध्यावर आणून त्याच्या खाली गोणपाट लावलं आणि सकाळ, दुपार, संध्याकाळ पाण्याने भिजवायचा नेम धरला. वाडीत करायचे अगदी तसंच.

पहिल्या दिवशी सकाळी नऊला आत शिरला तर खरंच गार. रात्रीची हवा होती ती, पण हे त्याला कोण सांगणार. त्याने लगेच घरी फोन लावला. “चंद्रा, माथेरान झालंय.”

दुपारी तीनला त्या माथेरानात चष्म्यावर वाफ धरत होती. लेथची मोटर तापलेली, कॉम्प्रेसर तापलेला, ओल्या गोणपाटाची दमट हवा, आणि हे सगळं वर जायचं तर वर पेंढा. नरहरीने नवीन आणलेल्या थर्मामीटरकडे बघितलं. पारा त्रेचाळीसवर. “स्वस्तातलं आणलं, खोटं दाखवतंय,” असं म्हणून त्याने ते खणात टाकलं.

आता फर्डिनंडने तरी खरं बोलावं की नाही. पण त्यालाही लेथ सोडायची नव्हती, आणि नरहरीने पंधरा दिवस शिडीवर चढून स्वतःच्या हाताने पेंढा भरलेला त्याने बघितला होता. अशा माणसाला काय सांगायचं. तो म्हणाला, “बरं वाटतंय रे. हवेत फरक आहे.”

“आहे ना?”

“आहे म्हणजे? थोडा गारवाच वाटतो.” आणि त्याने सदऱ्याचं गळ्याचं बटण लावलं.

नरहरीने ते बघितलं आणि त्याला इतकं बरं वाटलं की त्याने चहा मागवला. गरम चहा. दोघांनी एकमेकांसमोर बसून तो फुंकर मारून प्यायला. घाम कानामागून गळ्यात उतरत होता आणि कुणी पुसत नव्हतं, कारण पुसला तर तो आलाय हे कबूल करावं लागलं असतं. सुहासिनीने एकदा याच्याकडे बघितलं, एकदा त्याच्याकडे बघितलं, आणि आपलं ड्रिल उचलून दाराशी नेता येईल का ते बघायला लागली.

असे चार-पाच दिवस गेले. ईस्टर झाला. शनिवार जवळ आला.

त्या सोमवारी चंद्रकांताने वाडीतलं एक केळींचं लोंगर, म्हणजे अख्खा घड, उतरवलं. कामणला त्यांच्या व्याह्यांकडे येत्या रविवारी सत्यनारायण होता. गाळा कामणच्या वाटेवरच, म्हणून तिने अख्खं हिरवं लोंगर स्कूटरवर लादून दिलं. “गाळ्यात टांगून ठेवा. पाच-सहा दिवसांत रंग धरेल. शनिवारी सुहासिनीबरोबर पाठवा.” नरहरीने ते छपराच्या कैचीच्या लोखंडाला टांगलं आणि विसरला.

बुधवारी दुपारी सुहासिनी म्हणाली, “शेठ, वास येते.”

नरहरीने वर बघितलं. लोंगर पिवळंधमक. वरच्या फण्यांवर काळे ठिपके. दोन दिवसांत. रविवारपर्यंत त्याचं शिकरण सुद्धा झालं नसतं. त्याने ते उतरवलं, पोत्यात घातलं आणि मान खाली घालून घरी आणलं.

चंद्रकांता आगाशीची. तिच्या माहेरी केळी पिकवायची खोली होती, सबंध गावाची केळी तिथे यायची. तिने पोतं उघडलं, एक केळं हातात घेऊन दाबलं, हुंगलं, आणि नवऱ्याकडे बघितलं.

“हे कुणी आढीत घातलं?”

“कुणी नाही. गाळ्यात टांगलं होतं, तू सांगितलंस तसं.”

“टांगलेलं केळं दोन दिवसांत पिकत नाही. कुठे ठेवलं होतं?”

“सांगितलं ना, गाळ्यात.”

ती चौरंगावर बसली. तिने एकेक विचारायला सुरुवात केली, आणि पोलिसाने विचारावं तसं विचारलं. “वर पेंढा घातलात?” हो. “सगळ्या फटी बुजवल्यात?” हो. “वरची खिडकी?” फळ्या मारल्या. “आणि गोणपाट ओलं करून दाराला लावलंत.” नरहरीने नुसती मान हलवली.

चंद्रकांताला हसू आवरेना. पदर तोंडावर धरून हसली, परत त्याच्याकडे बघितलं, परत हसली. “अहो, माझा बाप जन्मभर हेच करायचा. पेंढा, ओलं पोतं, फटी बंद, आत थोडी ऊब. तुम्ही गाळा थंड केला नाहीत हो, तुम्ही केळ्यांची खोली केलीत.”

“पानवेलीला माझा बाप…”

“पानवेल स्वतः गार असते. तिला बाहेरची गरमी नको, म्हणून बाहेरची अडवायची. तुमच्या मशिनी आतच गरम आहेत. त्यांची गरमी जाणार कुठून? आमच्याकडे खोली उघडायची असली की आई आधी शिडीवर चढून वरचं कौल सरकवायची. मग थोडं थांबायचं. वरून सगळी वाफ निघून गेली की मगच खालचं दार उघडायचं. नाहीतर आत शिरणारा माणूस भोवळ येऊन पडायचा. आमचा एक गडी पडला होता तसा.”

एवढं बोलून ती थांबली. हसणं पण थांबलं. “फर्डिनंडभाऊ आहेत ना त्या खोलीत?”

गुरुवारी ती त्याच्याबरोबर स्कूटरवर बसून वालीवला आली. गाळ्यात ती एरवी दसऱ्याला यायची, मशिनींना हार घालायला. आत पाऊल टाकलं आणि तिने नाकाला पदर लावला. फर्डिनंड लेथवर उभा होता, गळ्याचं बटण लावलेलं, चेहरा उकडलेल्या बिटासारखा.

“फर्डिनंडभाऊ, बटण काढा. मरायचंय का?”

“छे वहिनी, बरं वाटतंय. गारवा आहे.”

“तुमचा गारवा दोन दिवसांत लोंगर पिकवतो. काढा बटण.”

फर्डिनंडने नरहरीकडे बघितलं. नरहरी जमिनीकडे बघत होता. मग फर्डिनंडने बटण काढलं, रुमाल काढला आणि एवढ्या दिवसांचा घाम एकदम पुसावा तसा चेहरा, मान, हात, सगळं पुसलं.

“तू मला सांगितलं का नाहीस?” नरहरी म्हणाला.

“तू शिडीवरून पडता पडता वाचलास दोनदा. तुला काय सांगू, की पेंढा काढ?”

“मग मीराच्या थर्मामीटरला काय सांगणार होतास? तिथे बटण चालत नाही.”

“तेच मी रात्री विचार करत होतो,” फर्डिनंड म्हणाला. “सुचलं नाही काही.”

सुहासिनी शिडी घेऊन आली. कुणी सांगायची तिने वाट बघितली नाही. पेंढा खाली यायला लागला, आणि पहिली फट मोकळी झाली तशी वरची गरम हवा अशी सुटली की हात लावून कळावी. चंद्रकांता खाली उभी राहून सांगत होती, इकडचं काढ, तिकडचं राहिलं. नरहरीने पियुषला फोन लावला. फोन कानाला धरून म्हणाला, “पियुष, ते तुझे भोपळे. चार म्हणाला होतास ना? उद्या येतील का?”

पलीकडून काय उत्तर आलं ते कुणाला ऐकू आलं नाही. पण नरहरी एवढंच म्हणाला, “हो, बाबा. वेलीला मशीन नसते.”

शुक्रवारी छपराला चार भोकं पडली. ज्या बापाने पानवेल सांभाळली त्याचा मुलगा खाली उभा राहून शिडी धरत होता. आढ्याला चार चकचकीत भोपळे बसले, उत्तरेकडच्या भिंतीला खाली जाळ्या लागल्या. कॉम्प्रेसर पियुषने बाहेर छपरीत काढायला लावला. चांदीची शीट होती तिथेच राहिली, ती बिचारी पहिल्यापासून आपलं काम करत होती, वरून आलेलं ऊन परत पाठवत होती. तिच्या खालची गरमीच बाहेर जायला वाट मागत होती. संध्याकाळी समुद्राचा वारा सुटला तसे भोपळे हळूहळू फिरायला लागले. नरहरी मान वर करून बघत उभा राहिला. “चंद्राची आई एक कौल सरकवायची,” तो फर्डिनंडला म्हणाला. “आपल्याला चार लागली.”

शनिवारी तीनला पाच कमी असताना मीरा आली. ड्युटीवरून सरळ, पिशवीत डबा आणि थर्मामीटर. आधी तिने ते बाहेर केळीच्या सावलीत धरलं. छत्तीस. मग आत आली आणि लेथच्या वर, बापाच्या डोक्याच्या उंचीवर खिळ्याला अडकवलं. वारा त्या दिवशी पडलेला. भोपळे फिरत होते पण आळसावून, जेवून उठलेल्या माणसासारखे. दहा मिनिटं मीरा खिळ्याजवळ उभी राहिली. सुहासिनीने ड्रिल बंद केलं होतं. फर्डिनंड हात मागे बांधून उभा, शाळेत शिक्षा झालेल्या मुलासारखा.

मग मीरा मागे सरकली, तिच्या चष्म्यावर ऊन येत होतं. “काका, किती आहे बघा.”

नरहरी जवळ गेला. पारा एकोणचाळीसवर होता. अडतीस चाललं असतं. मीरा चार पावलं मागे उभी होती आणि तिला तिथून आकडा दिसत नव्हता. नरहरीने एकदा वाचलं, परत वाचलं. खणात पडलेलं ते दुसरं थर्मामीटर त्याला आठवलं, आणि बटण लावून उभा असलेला फर्डिनंड आठवला. माणूस खोटं बोलला म्हणून गार होत नाही, एवढं तर त्याला या आठवड्यात कळलं होतं.

“एकोणचाळीस,” तो म्हणाला. “एक जास्त आहे, मीरा. मी काय, तुला सांगितलंच होतं. सोमवारी मी याला…”  तो उगाच लेथवरचा कापसाचा बोळा उचलून हात पुसायला लागला. हात स्वच्छच होते.

फर्डिनंडने मशीनचा पुढचा भाग हाताने चाचपला. “चक ढिला आहे,” तो कुणाकडे न बघता म्हणाला. “जो कुणी येईल त्याला सांग.”

मीराने थर्मामीटर काढून घेतलं, पण त्याच्याकडे बघितलं नाही. ती बापाजवळ गेली आणि त्याच्या मानेमागे हात ठेवला, ताप बघतात तसा. मग कपाळाला. मग मनगट धरून घड्याळाकडे बघत राहिली. मान कोरडी होती. गेल्या मे महिन्यात हीच मान तिने दवाखान्यात पुसली होती, टॉवेल पिळून पिळून.

“सकाळपासून किती पाणी प्यालात?”

“त्या बाईला विचार. ती दर तासाला तांब्या घेऊन उभी राहते.”

“मी देते ताई,” सुहासिनी म्हणाली. “नाय प्यालं तर ड्रिल बंद ठेवते.”

मीराने मनगट सोडलं. “काका, तुम्ही अडतीस म्हणाला असतात तर मी आत्ताच पप्पांना घेऊन गेले असते. आकडा मला मागे सरकण्याआधीच दिसला होता. मे महिन्यातही त्यांना येऊ देत. पण दुपारी बारा ते चार पप्पा मशीनवर उभे राहणार नाहीत. सकाळी सातला या, बाराला मशीन बंद. चारनंतर वाटलं तर दोन तास.”

“बारा ते चार मी करू काय?” फर्डिनंड म्हणाला.

“झोपा.”

“कारखान्यात?”

“मग घरी झोपा. कायमचे.”

 नरहरीने तिच्याकडे पाठ केली आणि नळावर जाऊन तोंड धुतलं. बराच वेळ धूत होता.

मे महिन्यात एका सोमवारी दीड वाजता चंद्रकांताने गाळ्यावर फोन केला. दोघांची जेवणं झाली होती. फर्डिनंडने कोलंबीचं कालवण आणलं होतं, मुद्दाम, आणि त्यावरून व्हायचं ते भांडण होऊन गेलं होतं. सुहासिनी शेजारच्या गाळ्यात तिच्या गाववालीकडे गेली होती. वर चार भोपळे फिरत होते.

“काय चाललंय?” चंद्रकांता म्हणाली. “आवाज नाही येत मशीनचा.”

जमिनीवर पुठ्ठे अंथरले होते. लेथच्या सावलीत फर्डिनंड पाय पसरून, चष्मा छातीवर ठेवून पडला होता. नरहरी त्याच्या शेजारी आडवा होता, पोटावर फोन.

“हळू बोल,” नरहरी म्हणाला. “आत्ता कुठे डोळा लागलाय त्याचा.”